येळवस झाली की निघा

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलंय. वय 54, तहसील कार्यालयात अव्वल कारकून. नोकरीची 26 वर्षं झाली, त्यातली 14 एसटीनं अप-डाऊन करण्यात गेली. समुद्र आयुष्यात एकदाच पाहिलाय. मुंबईला भाचीच्या लग्नाला गेल्या तेव्हा गिरगाव चौपाटीवर अर्धा तास, तोही मागून सगळे 'चला, चला' म्हणत असताना. आता त्यांना आठवडाभर कोकणच्या किनाऱ्यानं एकटीनं, एसटीनं फिरायचंय. आधी काहीच ठरवायचं नाही, आवडेल तिथं उतरायचं आणि वाटेल तेव्हा पुढं जायचं. पुण्याचा मुलगा म्हणतो, "आई, पॅकेज टूर घेऊन देतो, नाहीतर आठही दिवसांचं बुकिंग मी करतो." नवरा नाही म्हणत नाही, पण "लोकांनी विचारलं तर मी काय सांगू?" म्हणतो. घरात 80 वर्षांच्या सासूबाई आहेत. ताईंना बीपीची गोळी चालू आहे. त्या विचारतात, एकटीनं कधी प्रवास केलेला नाही, या वयात जमेल का? आणि पत्राच्या अगदी शेवटी: "नाशिकला प्रशिक्षण आहे असं सांगून जाऊ का?"

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. खोटं सांगून जाऊ नका. घाटात गाडी बंद पडली, पाय मुरगळला, फोन पाण्यात पडला, तर तुम्ही कुठं आहात हे घरातल्या एकाला तरी खरं माहीत पाहिजे. तुम्ही देवगडला असाल आणि मुलगा नाशिकला फोन लावत बसेल. शिवाय आठ दिवस प्रत्येक फोनला तुम्ही आवाज सांभाळाल, मागं लाटा ऐकू येतील म्हणून फोन कापाल. ज्या समुद्रासाठी एवढं करताय तोच लपवत बसायची वेळ येईल.

आता दुसरं वाक्य. 'एकटीनं कधी प्रवास केलेला नाही.' हे मला मान्य नाही. 14 वर्षं तुम्ही रोज दोन गाड्या एकटीनं पकडल्यात. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलीय, सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी बोललाय, ओढ्याला पूर आला म्हणून अलीकडच्या फाट्यावर थांबलाय, गाडी आलीच नाही तर काळी-पिवळीत बसायचं की नाही हे एका नजरेत ठरवलंय. कुणाशेजारी बसायचं नाही हेही तुम्हाला कळतं, ते कुणी शिकवलेलं नाही. गाठोडं नीट सोडून पाहिलं तर प्रवासाचा सराव तुमच्याइतका तुमच्या मुलालासुद्धा नसेल.

तुम्ही जे केलेलं नाही ते वेगळंच आहे. तुम्ही कामाशिवाय कधी गेला नाहीत. आपल्याकडे बाईनं एकटीनं जायला हरकत नसते, कारण सांगता यायला पाहिजे एवढंच. नोकरी, दवाखाना, माहेरचं आजारपण, देव. उद्या तुम्ही एकटीनं तुळजापूरला निघालात तर शेजारीण म्हणेल, "माझी पण ओटी भरा." तोच पिशवी-चपलांचा जामानिमा, तीच एसटी, पण देवगडला निघालात की ती विचारणार, "कशाला?" नवऱ्याला त्या 'कशाला'चं उत्तर येत नाही, म्हणून ते अडलेत. तुमच्या जिवाची काळजी असेलच, पण ती त्यांनी तुम्हाला बोलून दाखवलेली दिसत नाही. त्यांना उत्तर देऊन ठेवा: "समुद्र बघायला गेलीय." त्यापुढं काही जोडायचं नाही. 'डॉक्टरांनी हवापालट सांगितलीय' हेही नको. पुढच्या वेळेला पुन्हा डॉक्टर शोधावा लागेल.

सासूबाईंचा प्रश्न मात्र खरा आहे. तो लोकांच्या बोलण्याइतका हलका नाही. निघायच्या महिनाभर आधी एक शनिवार-रविवार बहिणीकडे जाऊन या आणि दोन दिवस घर नवऱ्याला सांभाळू द्या. गोळ्या कुठल्या डब्यात, रात्री किती वेळा उठावं लागतं, त्यांना भात चालतो की मऊ भाकरी, हे नवऱ्याला करून कळू द्या. दोन दिवसांत जे अडेल ते आठ दिवसांसाठी आधीच सोडवता येईल. यातून असं निघालं की सासूबाईंना रात्री बाईमाणसाचीच मदत लागते, तर नणंदेशी बोला. जाऊ नका असं मी म्हणणार नाही, पण ही सोय लागल्याशिवाय तारीखही धरू नका.

मुलाशी भांडू नका. तो तुम्हाला पुण्याहून, फोनच्या पडद्यावर बघतोय, आणि त्या पडद्यावर आई नेहमी स्वयंपाकघरात उभी असते. पॅकेज वाईट नसतं. गुडघे दुखत असतील, बॅग उचलवत नसेल, सोबत हवी असेल, तर माझ्या कितीतरी वाचक-मैत्रिणींनी ते खुशाल घ्यावं. तुमचं दुखणं वेगळं आहे. तुम्हाला 'चला, चला' नकोय. पॅकेजमध्ये तेच ऐकायला पैसे भरावे लागतील. आठही रात्रींचं बुकिंग म्हणजेही फार वेगळं नाही. कुणकेश्वरला देवळाच्या पायरीवर बसून लाटा बघताना आणखी एक दिवस राहावंसं वाटलं, तर पुढच्या खोलीचे भरलेले पैसे तुम्हाला उठवणार. आणि एक गाडी चुकली की पुढच्या सगळ्या रात्री एकीमागून एक कोसळणार.

पण 'काहीच ठरवायचं नाही' हेही मला पटत नाही. मोकळा प्रवास आणि बेवारस प्रवास यांत फरक आहे. पहिल्या आणि शेवटच्या रात्रीची खोली पक्की करा, मधल्या मोकळ्या ठेवा. मोकळ्या दिवसांना एकच नियम: दुपारी चारपर्यंत आजची खोली ठरली पाहिजे. चार वाजले आणि खोली नाही, तर छोट्या गावाकडे जाणारी गाडी धरायची नाही, सरळ तालुक्याच्या गावी जायचं. तिथं लॉज असतात, रिक्षा असतात, पोलीस ठाणं असतं आणि सकाळी गाड्याही जास्त. खोलीत शिरलात की मुलाला गावाचं नाव, खोली कुणाकडे आहे आणि मालकाचा नंबर पाठवायचा. हे काम त्याला आजच सोपवा: संध्याकाळी सहापर्यंत निरोप आला नाही तर त्यानं फोन करायचा, सकाळपासून करायचा नाही. बुकिंग करायची त्याची हौस पहिल्या आणि शेवटच्या रात्रीवर भागवा.

आता किनाऱ्याबद्दल. तुमच्या मनात बहुतेक असं चित्र आहे की समुद्र उजव्या हाताला ठेवून एक गाडी दक्षिणेला चाललीय आणि तुम्ही मध्ये मध्ये उतरताय. आपल्याकडे लातूरहून तुळजापूरमार्गे सोलापूर गाठावं तसं सरळ. कोकणात असं नाही. तिथं दर काही कोसांवर खाडी आत घुसलेली आहे. सागरी महामार्ग आहे, बऱ्याच खाड्यांवर पूलही झालेत, पण एसटीची जाळी अजून जुन्या वळणाचीच. डोक्यात फणी आणा. फणीची पाठ म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग. त्यावर लांजा, राजापूर, तळेरे, कणकवली, कुडाळ. आणि दात म्हणजे त्या पाठीपासून समुद्राकडे उतरणारे रस्ते. एका दातावरून खाली उतरायचं, राहायचं, आणि पुष्कळदा पुन्हा पाठीवर येऊन दुसऱ्या दातावरून उतरायचं. शेजारच्या दोन किनारी गावांत थेट गाडी दिवसातून एक-दोनच असू शकते. म्हणून तिथं लवचीक राहण्यावाचून गत्यंतरच नसतं. हे आधी कळलेलं असलं की गाडी नाही म्हणून जीव घाबरा होत नाही, चहा घेता येतो. कोकण रेल्वेही साधारण या पाठीच्याच बाजूनं जाते. फारच अडकलात तर कणकवली किंवा कुडाळ गाठायचं, एवढं लक्षात ठेवा.

सगळा किनारा एका आठवड्यात करायचा हट्टही सोडा. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत आठ दिवसांत म्हणजे निम्मा वेळ फलाटावर. लातूरकडून जाणाऱ्याला दक्षिण कोकण सोयीचं. पहिल्या दिवशी सोलापूरमार्गे कोल्हापूर, तिथं मुक्काम. दुसऱ्या दिवशी आंबा घाटानं रत्नागिरी. एका दमात जाऊ नका. रात्रीच्या गाडीनं अंग आंबून पोहोचलात तर पहिला दिवस झोपेत जाईल. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला आरे-वारेच्या किनाऱ्याच्या रस्त्यानं जाणारी गाडी मिळाली तर समुद्र पहिल्यांदा वळणावर, उंचावरून दिसतो. गणपतीपुळ्याकडे जाताना तो डावीकडे असतो, तेव्हा डावीकडची खिडकी धरा. जवळच मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर स्मारक म्हणून जपलंय, ते बघा. पुढं पावस, मग राजापूरला वर चढून विजयदुर्ग किंवा देवगड, कुणकेश्वर, मालवण. परत येताना कणकवलीहून फोंडा घाटानं कोल्हापूर. मालवणचा सिंधुदुर्ग होडीनं जाऊन बघायचा, विजयदुर्गाला मात्र पायीच आत जाता येतं. हे यातलं सगळं व्हायलाच पाहिजे असं नाही. दोनच गावं झाली आणि मन भरलं, तर दोनच.

उत्तरेकडचा भाग ज्यांना करायचाय त्यांच्यासाठी एवढंच: तिथं फेरीबोटी वापरा. वेशवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. दाभोळहून गुहागरला रस्त्यानं जायचं तर चिपळूणकडून मोठा वळसा पडतो. बोटीनं खाडी काही मिनिटांत ओलांडता येते. पलीकडे उतरल्यावर गाडी किंवा रिक्षा मिळेल का, ते मात्र अलीकडेच विचारून घ्यायचं.

एसटीत तुम्हाला शिकवण्यासारखं माझ्याकडे फार नाही, पण एक गोष्ट मला उशिरा कळली. एकदा पूर्णगडच्या बाजूला मी किल्ला बघत रेंगाळले. परतीच्या गाडीची वेळ नीट विचारली नव्हती, चूक माझीच. थांब्यावर आले तर शेवटची गाडी गेलेली. टोपली घेऊन बसलेल्या एका बाई म्हणाल्या, "आता वस्तीचीच येईल. ती जायची नाही, हितंच ऱ्हाते." त्यांनीच शेजारच्या घरी माझी रात्रीची सोय केली. पहाटे अंधारात थांब्यावर गेले तेव्हा ती लाल गाडी माडाखाली उभी होती, काचेवर दव, आणि ड्रायव्हर मागच्या सीटवरून आपलं पांघरूण घडी करून आणत होते. कंडक्टर विहिरीवर तोंड धुऊन आले, आधी मलाच म्हणाले, "बसा, आत बसा, थंडी आहे." तेव्हापासून कुठल्याही किनारी गावात उतरताना मी दोन प्रश्न विचारते: शेवटची परतीची गाडी कितीला, आणि वस्तीची गाडी आहे का. वस्तीची गाडी असलेल्या गावातून पहाटेची परत जाणारी गाडी बहुधा ठरलेली असते. हे प्रश्न कंडक्टरला उतरतानाच विचारा. थांब्यावरच्या जुन्या फलकावर विसंबू नका. रत्नागिरीत मध्यवर्ती स्थानकाखेरीज रहाटाघर नावाचं दुसरं स्थानकही आहे, तेव्हा गाडी कुठून सुटणार हेही विचारायचं.

तिकिटाचं म्हणाल तर 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीच्या सगळ्या गाड्यांत अर्धं तिकीट आहे, राज्याच्या हद्दीपर्यंत. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पासही असतो. पण बाईमाणसानं आधी हिशोब मांडावा. रोज थोडंच अंतर जाणार असाल तर सुटी अर्धी तिकिटंच स्वस्त पडू शकतात. पुरुष वाचकांना, रोज लांबचा पल्ला असेल तर, पास फायद्याचा ठरू शकतो. 65 ते 75 वयाच्या सगळ्यांना अर्धं तिकीट आहे आणि 75 च्या पुढं मोफत. सासरे-सासूबाई असलेल्यांनी हे विसरू नये.

दोन बायकांच्या गोष्टी उघड बोलते. पहिली, लघवी. वाटेत सोय नाही म्हणून आपण सकाळपासून पाणीच पीत नाही, आणि कोकणच्या दमट हवेत घामानं अंगातलं पाणी आणखी जातं. बीपीच्या गोळीवर हे चांगलं नाही. डेपो असलेल्या मोठ्या स्थानकावर उतरलात की लागलेली असो-नसो, जाऊन यायचं, आणि गाडीत बसल्यावर घोट-घोट पाणी प्यायचं. दीड-दोन तासांपेक्षा लांबचा टप्पा एका गाडीत करायचाच नाही असं ठरवलं की ही चिंता निम्मी होते. घाटाचे आणि लातूर-कोल्हापूर प्रवासाचे दिवस एवढा अपवाद. घाटात गाडी लागत असेल तर पोट गच्च भरून निघू नका, पुढच्या बाजूची खिडकी घ्या. आणि गोळ्या दोन ठिकाणी ठेवा, निम्म्या पर्समध्ये, निम्म्या बॅगेत.

दुसरी, खोली. कोकणात घरांवर पाटी दिसते, 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय'. एकट्या माणसाला खोली द्यायला काही ठिकाणी का-कू करतात, हे खरं आहे. त्याला अपमान समजून बसू नका. फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा: "मी एकटीच आहे, सरकारी नोकरीत आहे, एक रात्र राहायचंय, जेवणही लागेल." नाही म्हणाले तर पुढची पाटी. ज्या घरात बाईमाणूस फोन घेतं तिथं आधी विचारा. आत गेल्यावर दाराची आतली कडी नीट लागते का ते बघूनच पैसे द्यायचे. मन नाही म्हणालं तर उठायचं, कारण द्यायची गरज नाही. फोनमध्ये 112 हा तातडीच्या मदतीचा नंबर आधीच टाकून ठेवा. आणि थोडी रोख, सुट्टी नोट जवळ असू द्या, खाडीकाठच्या गावात रेंज गेली की फोनवरून पैसे जात नाहीत.

कधी जायचं? उन्हाळ्यात घामानं जीव नकोसा होतो, पावसाळ्यात सिंधुदुर्गच्या होड्या बंद असतात, दिवाळीच्या सुट्टीत खोल्या मिळत नाहीत. मार्चअखेर तुमच्या कचेरीत रजा कोण देणार? माझं मत, येळवस, म्हणजे आपली मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, झाली की निघा. शेतात पांडव पुजून, भज्जी-आंबिल खाऊन, आल्यागेल्यांचं करून मोकळ्या झालात की तीन-चार दिवसांनी. तेव्हा किनाऱ्यावर हवा गोड असते. फक्त नाताळापासून 1 जानेवारीपर्यंतचे दिवस मध्ये येत असतील तर ते जाऊ द्या. शनिवार-रविवार गणपतीपुळे, मालवण टाळून छोट्या गावात काढा. संकष्टी-अंगारकीला पुळ्यात पाय ठेवायला जागा नसते. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख दरवर्षी वेगळी ठरते, ती विचारून घ्या, त्या दिवसांत मालवणला खोली मिळणं अवघड.

आणि समुद्राचं एक गणित, जे तुमच्यासारख्या तिथी बघणाऱ्या बाईला लगेच जमेल. शाळेतली पाऊणकी आठवते ना? तिथीला पाऊण पट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा संपून वद्य पक्ष लागला की पुन्हा एकपासून मोजायचं. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण दगडावर जाऊन बसावं की नाही हे कळायला पुरतो. अमावस्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं, त्याला तिकडे उधाण म्हणतात. ओहोटी लागलेली असताना पाणी आत ओढतं, तेव्हा घोट्याच्या वर जायचं नाही. आपण विहिरीत पोहणारी माणसं. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही, समुद्राचं हलतं. आत पाय टाकण्याआधी तिथल्या माणसाला विचारायचं, लाज वाटू द्यायची नाही.

सामान एकच बॅग, जी तुम्हाला स्वतःच्या हातानं वरच्या रॅकवर टाकता येईल एवढीच. सुती साडी दमट हवेत लवकर वाळत नाही, लवकर वाळणारे दोन ड्रेस घ्या. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घ्या. दोन दिवस निघतात, आणि तिसऱ्या दिवसापासून तांदळाच्या भाकरीची, सोलकढीची सवय झालेली असते.

वयाचं तुम्ही विचारलं होतं. डॉक्टरांना एकदा बीपी दाखवून या, सलग दोन तास बसून आणि अर्धा तास चालून बघा. यात ठीक असाल तर 54 हे कारण नाही.

रजेचा अर्ज मात्र आठ दिवसांचा देऊ नका, नऊ दिवसांचा द्या. एखाद्या दिवशी गाडी चुकेल, किंवा चुकवावीशी वाटेल.